वर्षाला किती आणि तासाला किती

आर्थर हेलीचं नाव साहित्याच्या गप्पांमध्ये काढलं की समोरचा जरा हसतो. ए. एच. व्हीलरच्या टपरीवर मिळणारी, लांबचा प्रवास संपवायला घ्यायची जाडजूड पुस्तकं लिहिणारा माणूस, एवढीच त्याची ओळख. हॉटेल, विमानतळ, मोटारींचा कारखाना, बँक. एकेक धंदा उचलायचा, त्याचा कसून अभ्यास करायचा आणि त्यात आठ-दहा पात्रं सोडून द्यायची, ही त्याची पद्धत. 'एअरपोर्ट' ही त्याची कादंबरी १९६८ सालची. ती मी गेल्या काही महिन्यांत दोनदा वाचली. विमानतळाची क्षमता या विषयावर आपल्याकडे जे काही बोललं आणि लिहिलं जातं, उद्घाटनाच्या भाषणांपासून प्रकल्प अहवालांपर्यंत, त्यातल्या बहुतेकांपेक्षा या टाइमपास कादंबरीला तो विषय जास्त कळलाय, असं माझं मत झालंय. आणि जिथे तिला तो कळलेला नाही, तिथे आपणही तिच्याच शेजारी उभे आहोत.

मी जळगावचा. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. एखादी सिस्टिम किती लोकांचा भार झेलेल, कधी कोलमडेल, याचा हिशोब करणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे माझं हे वाचन थोडं धंदेवाईक आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कादंबरी अशी आहे. जानेवारीतला शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. शिकागोजवळच्या लिंकन इंटरनॅशनल या काल्पनिक विमानतळावर तीन दिवसांपासून बर्फाचं वादळ चालू आहे. एक बोइंग ७०७ चिखलात रुतून बसलंय आणि त्यामुळे सगळ्यात लांब धावपट्टी बंद पडली आहे. म्हणून बाकीची विमानं दुसऱ्या धावपट्टीवरून सोडावी लागतात. म्हणून ती मेडोवूड नावाच्या वस्तीच्या छपरांवरून जातात. म्हणून मेडोवूडचे लोक आवाजाने वैतागून थेट विमानतळावर येऊन धडकतात. रुतलेलं विमान बाहेर काढू शकेल असा एकच पट्टीचा माणूस आहे, जो पॅट्रोनी, आणि तो विमानतळाच्या वाटेवर एक मोठा ट्रक उलटल्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकलाय. शिवाय रोमला निघालेल्या विमानात एक कर्जबाजारी माणूस बॉम्ब घेऊन बसलाय. हे सगळं रात्री दीडपर्यंत आटोपतं. एकूण सात तास.

लोकांना बॉम्ब लक्षात राहतो. १९७० साली आलेल्या सिनेमातही बॉम्बच लक्षात राहतो. पण कादंबरी चालते ती रुतलेल्या विमानावर. ते विमान काढा, मग बॉम्बने जखमी झालेलं विमान कुठेही उतरू शकतं आणि पुस्तक शंभर पानांत संपतं. हेलीने खलनायकाची जागा एका बंद धावपट्टीला दिली आहे. ज्याने कधी शनिवारी रात्री बंद पडलेला सर्व्हर चालू करायचा प्रयत्न केलाय, त्याला हे वाचताना आपलंच कुणीतरी लिहिलंय असं वाटेल.

व्यवस्थापक मेल बेकर्सफेल्डचं रडगाणंही आठवून बघा. काही वर्षांपूर्वी जगातल्या नमुनेदार विमानतळांमध्ये मोडणारं हे ठिकाण आता अपुरं पडू लागलंय. त्याला समांतर अशी आणखी एक धावपट्टी हवी आहे, पण पैसे मंजूर करणाऱ्या मंडळाला लोकांना दिसतील अशा गोष्टींवर खर्च करायला आवडतं. विमानं मोठी होत चालली आहेत आणि जमीन तेवढीच आहे, ही काळजी हेली १९६८ साली लिहितोय. बोइंग ७४७ प्रवासी घेऊन उडालं ते त्यानंतर, जानेवारी १९७० मध्ये.

हेलीला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला कादंबरीच्या घड्याळात सापडते. त्याचं मोजमाप तासाचं आहे. आपल्याकडे विमानतळाबद्दलचं प्रत्येक वाक्य वर्षात बोलतं: वार्षिक प्रवासी क्षमता अमुक कोटी. बातमीचा मथळा तोच, कोनशिलेवरचा आकडाही तोच. पण वर्षभराची गर्दी कुणाच्याही अंगावर एकदम येत नाही. सकाळी साडेसहाच्या विमानासाठी पहाटे साडेचारला रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या वर्षातल्या दुपारी तीनच्या रिकाम्या हॉलचा काही उपयोग नसतो.

टर्मिनलचं आरेखन करणाऱ्यांना हे अर्थातच माहीत असतं. ते वार्षिक आकड्यावरून गर्दीच्या तासाचा आकडा काढतात आणि भिंती त्यावर बेततात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा यासाठी एक जुना तक्ता आहे, तो मला फार आवडतो. वर्षाला ३ कोटींच्या वर प्रवासी असतील तर गर्दीच्या तासाला त्यांच्या ०.०३५ टक्के धरा. १ ते २ कोटींच्या दरम्यान ०.०४५ टक्के. १ लाखाच्या आत असतील तर ०.२ टक्के. म्हणजे विमानतळ जितकं छोटं, तितकी त्याची गर्दी एका तासात जास्त कोंबलेली. साडेपाच कोटींच्या मुंबईला हा तक्ता तासाला साधारण १९ हजार माणसं देतो. वर्षाला ८० हजार प्रवाशांच्या एखाद्या गावाला १६०. मुंबईची वर्षाची गर्दी त्या गावाच्या जवळजवळ ७०० पट, पण गर्दीचा तास फक्त १२० पट. तालुक्याच्या स्टँडवर दिवसभर कुत्रं झोपलेलं असतं आणि एसटी आली की पाय ठेवायला जागा नसते, तसंच हे.

दुसरं एक सूत्र माझ्या धंद्यात रोज लागतं. जॉन लिटल या माणसाने १९६१ मध्ये ते सिद्ध केलं. रांगेत सरासरी किती माणसं उभी असतील? तासाला जितकी येतात, गुणिले प्रत्येक जण जितका वेळ थांबतो. तासाला ३०० लोक सुरक्षा तपासणीला येतात आणि प्रत्येकाला २० मिनिटं लागतात, तर १०० माणसं कायम तिथे उभी दिसणार. तीच तपासणी १० मिनिटांवर आणली तर ५०. एकही वीट न लावता अर्धा हॉल मोकळा. चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्रा डिसेंबर २०२२ मध्ये आली, तिच्याकडे मी असंच बघतो: ती म्हणजे न बांधलेली भिंत आहे. (तिच्यात आपला चेहरा कुणाकडे जातो हा प्रश्न वेगळा, आणि लहान नाही.)

तिसरी गोष्ट मंत्री-संत्री कधीच बोलत नाहीत. कुठलीही रांग तिच्या पूर्ण क्षमतेला चालवता येत नाही. रांगेच्या सगळ्यात साध्या गणितात काउंटर ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर एका माणसाच्या कामाला जितका वेळ लागतो त्याच्या ४ पट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ पट. ९५ टक्क्यांना १९ पट. त्यामुळे 'क्षमतेच्या ९५ टक्के वापर' हे वाक्य अहवालात कर्तबगारीसारखं वाचलं जातं आणि रांगेत उभ्या माणसाला ते शिक्षेसारखं लागतं. माझ्या कामात ७० टक्क्यांवर धोक्याची घंटा लावलेली असते, ती वाजली की आणखी चार मशिनं आपोआप चालू होतात. काँक्रीटला ती सोय नाही. नवी मुंबई विमानतळाची चर्चा १९९७ पासूनची, पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० ची, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून. ती धोक्याची घंटा ऐकून मशिन चालू व्हायला २८ वर्षं लागली.

अशा वेळी मित्र म्हणतात, हेली कसला वाचतोस, अॅलन द बॉटन वाच. वाचला. 'अ वीक अॅट द एअरपोर्ट', २००९. हीथ्रो चालवणाऱ्या कंपनीने त्याला पाचव्या टर्मिनलमध्ये आठवडाभर राहायला बोलावलं, निर्गमन हॉलमध्ये एक टेबल दिलं आणि त्याने पुस्तक लिहिलं. वाक्यं सुरेख आहेत. निरोप घेणारी जोडपी आहेत, बूट पॉलिश करणारा माणूस आहे. पण त्या टर्मिनलची चौकशी १९९५ ते १९९९ अशी जवळजवळ चार वर्षं चालली, ब्रिटनच्या नियोजनाच्या इतिहासातली ती सगळ्यात लांबलेली चौकशी, आणि २७ मार्च २००८ ला दार उघडलं त्याच दिवशी बॅगांची व्यवस्था कोलमडून उड्डाणं रद्द करावी लागली. कथा तिथे होती. पाहुणा म्हणून गेलेल्या लेखकाला यजमानाच्या घरातली गळकी मोरी दिसली तरी तो तिच्यावर पुस्तक लिहीत नाही. हेलीला कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे तो थेट मोरीतच उतरला.

आता जळगाव.

आमचं विमानतळ गावाबाहेर, अजिंठ्याच्या रस्त्याला, कुसुंब्याजवळ. १९७३ साली सार्वजनिक बांधकाम खात्याने धावपट्टी बांधली. मग ती नगरपालिकेकडे, तिथून महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आणि २००९ च्या करारानंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या, त्यांनी २०१० मध्ये पायाभरणी केली आणि मार्च २०१२ मध्ये उद्घाटन. राष्ट्रपती आमच्या जिल्ह्याच्या, म्हणून आम्हाला विमानतळ मिळालं, असं गावात तेव्हाही म्हणायचे आणि आताही म्हणतात. धावपट्टी साधारण १,७०० मीटरची. मोठी जेट विमानं नेहमीसाठी यावीत इतकी ती लांब नाही. पंख्याची, सत्तरेक आसनांची एटीआर विमानं मात्र आरामात येतात.

उद्घाटन झालं, पण ठरावीक वेळेला सुटणारं प्रवासी विमान काही येईना. ते आलं २०१७ च्या डिसेंबरात, केंद्राच्या 'उडान' योजनेखाली. या योजनेत अर्ध्या आसनांचं तासाभराच्या प्रवासाचं भाडं सुमारे २,५०० रुपयांवर बांधलेलं, कंपनीचा तोटा सरकार काही अंशी भरून देणार आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसरा कुणी येणार नाही. एअर डेक्कनचं १८ आसनांचं विमान मुंबईला जाऊ लागलं आणि काही महिन्यांत बंद पडलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, एटीआर घेऊन. मग कोविड, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. एप्रिल २०२४ पासून फ्लाय ९१ ने गोवा आणि हैदराबाद जोडलं, पाठोपाठ पुणं आलं, अलायन्स एअरने मुंबई पुन्हा सुरू केली. आता जळगावहून पुण्याला विमानाने जाता येतं, हे वाक्य मी अजून जरा हळूच उच्चारतो.

'इमान उनं का भो?' हा प्रश्न आमच्याकडे बरीच वर्षं चेष्टेत विचारला गेला. एखादं काम कधीच होणार नसेल तर त्याला हे उत्तर. या चेष्टेला आकड्यांचा आधार आहे. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा, म्हणजे 'कॅग'चा, 'उडान'वरचा अहवाल २०२३ मध्ये संसदेत आला. तो मी कादंबरीसारखा वाचला, आणि कादंबरीसारखाच तो मधे मधे थांबून वाचावा लागतो. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ ला, सवलत संपल्यावरही तग धरून होते फक्त ५४. शंभर मार्ग कागदावर काढले तर सात जगले.

हे वाचून शहरातला वाचक लगेच म्हणतो: म्हणजे छोट्या गावांत मागणीच नव्हती, टर्मिनल उगाच बांधली. मला इथे थांबायचं आहे, कारण या निष्कर्षाला मला हरकत आहे.

अंदाज फुगवले जातात हे खरंच आहे. बेंट फ्ल्यूबियर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतल्या २१० वाहतूक प्रकल्पांचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवले. रेल्वेच्या १० पैकी ९ प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज वाढवून सांगितलेला निघाला. माँट्रियालचं मिराबेल विमानतळ १९७५ मध्ये भव्य स्वप्नं घेऊन उघडलं, २००४ मध्ये तिथलं शेवटचं प्रवासी विमान उडालं आणि पुढे टर्मिनल पाडून टाकलं. पण मिराबेलला मोठ्या विमानांची लांबच लांब धावपट्टी होती, वेळा हव्या तेवढ्या होत्या, नव्हते ते प्रवासी. जळगावची गोष्ट उलटी आहे. आमच्याकडे हॉल आहे, धावपट्टी आहे, माणसंही आहेत. नव्हती ती मुंबईतली वेळ.

मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. गर्दीच्या तासाला तिथे ४६ विमानं उतरत-चढत होती, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आकडा ४४ वर आणायला सांगितलं, कारण विमानं आकाशात घिरट्या घालत बसायची. टर्मिनल किती का मोठं बांधा, दुसरं टर्मिनल २०१४ मध्ये वर्षाला ४ कोटी प्रवाशांसाठी उघडलं, पांढऱ्या खांबांवर मोरपिसाऱ्यासारखं छत, भिंतीवर कलादालन, तरी विमानं त्या एका फटीतूनच जाणार. हेलीचं रुतलेलं विमान अंधेरीत बर्फाशिवायच, कायमचं रुतलेलं आहे.

आता त्या ७८ सेकंदांच्या फटीत दोन विमानं शेजारी उभी करा. एकात १८ आसनं, ते जळगावचं. दुसऱ्यात १८०, ते दिल्लीचं. दोघांना लागणारी वेळ जवळपास तेवढीच. उलट छोटं, हळू विमान मोठ्याच्या मागे असेल तर हवेतल्या भोवऱ्यांमुळे त्याला जास्त अंतर सोडावं लागतं. विमानतळ चालवणाऱ्याला शुल्क आणि दुकानांची विक्री प्रवाशांच्या संख्येवर मिळते. तो वेळ कुणाला देईल? मुंबईतल्या स्लॉटवरून एअर डेक्कन आणि विमानतळ चालवणारे यांच्यातला वाद तेव्हा पेपरांत आलाही होता. पहाटे किंवा संध्याकाळी वेळ मिळाली नाही की विमान भर दुपारी सुटतं. दुपारी मुंबईत पोचलेल्या माणसाचं मंत्रालयातलं काम त्या दिवशी होत नाही, परळच्या दवाखान्यातली तारीखही हुकते. मुक्काम करावा लागतो. मग तो म्हणतो, रात्रीची गाडी काय वाईट आहे? आसनं रिकामी जातात. कंपनी मार्ग बंद करते. आणि अहवालात लिहिलं जातं: पुरेशी मागणी नाही.

माझ्या कामात याला एक साधी शिस्त आहे. सिस्टिमने जी विनंती दारातूनच परत पाठवली, ती नोंदवायची. नाही नोंदवली तर आलेख सपाट आणि सुंदर दिसतो आणि साहेब म्हणतात, भार कमी आहे, मशिनं काढून टाका. विमानतळांच्या अंदाजांमध्ये परत गेलेल्या माणसाची नोंद फार कमी सापडते. मागच्या वर्षांत जितके उडाले त्यांची रेघ पुढे ओढतात. जिथून कुणी उडूच शकलं नाही, तिथली रेघ शून्यातून निघते आणि शून्यातच राहते. मागणी आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं धरून ही सगळी गणितं केलेली असतात. जळगावात बसून बघितलं तर दिसतं की क्षमता कुठे आणि कोणत्या तासाला आहे यावरच मागणी ठरते.

नवी मुंबईबद्दल म्हणूनच मला आशा आहे, आणि ती मुंबईकरांच्या आशेपेक्षा वेगळी आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी, सगळे टप्पे झाले की ९ कोटी, हे आकडे जाहिरातीत येतात. मला त्यातला एकच तुकडा हवाय: सकाळी साडेसातला उतरणाऱ्या एका एटीआरची जागा. जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, उलव्याहून शिवडीला यायला पूर्वीसारखा अर्धा दिवस जात नाही. सगळी गणितं पैशावर सोडली तर ही जागाही चार-पाच वर्षांत मोठ्या विमानांकडे जाईल. ती आत्ताच, विमानतळ रिकामं असताना, छोट्या गावांच्या नावावर लिहून ठेवली पाहिजे. एका १८० आसनांच्या विमानाच्या जागी ७० आसनांचं आणलं तर ११० लोकांचं नुकसान होतं, असा प्रतिवाद होईल. बरोबर आहे. पण त्या ११० लोकांना दिवसात दिल्लीची दुसरी भरपूर विमानं आहेत. आमच्याकडे ते एकच आहे.

आता हेली जिथे चुकतो तिथे येतो. मेडोवूडच्या रहिवाशांना त्याने जागा दिली, पण तोंड दिलं एका लबाड वकिलाचं. एलियट फ्रीमँटल हा माणूस त्यांच्या तक्रारीवर पैसे कमवायला आलेला असतो. त्यामुळे वाचक हळूहळू व्यवस्थापकाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि घराच्या छपरावरून विमान जाण्याला कंटाळलेली माणसं त्याला अडथळा वाटू लागतात. हेलीची ती लेखणी बेमालूम चालते, पण ती बेइमान आहे. विमानाच्या आवाजाने बाळ झोपत नसेल तर त्या आईला वकील कसा भेटला, याने तिची तक्रार खोटी होत नाही.

आपलं बोलणंही असंच असतं. नवी मुंबईसाठी उलव्याचा डोंगर कापून सपाट केला, उलवा नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली, तीन हजारांवर कुटुंबं हलली. त्या पट्ट्यातल्या भूमिपुत्रांना सरकारी मोबदल्यासोबत विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मिळाला, तो सहज मिळालेला नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले, त्यानंतरची ती गोष्ट आहे. विमानतळाला दिबांचं नाव द्या, या मागणीसाठी हजारो लोक रस्त्यावर आले, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या एकाने विचारलं होतं की नावावरून एवढा गोंधळ कशाला, विमानतळ तर होऊ द्या. त्याला कादंबरीतला मेल बेकर्सफेल्ड फार आवडला असता. पुरंदरला सात गावांचे लोक जमीन द्यायला नको म्हणत होते आणि पुण्यात आम्ही लोहगावच्या रांगेत उभं राहून त्यांना नावं ठेवत होतो. लोहगावचं नवं टर्मिनल मार्च २०२४ मध्ये उद्घाटन होऊन जुलैपर्यंत बंदच होतं, त्याबद्दल मात्र शेतकऱ्यांना कुणी दोष देऊ शकलं नाही.

मी स्वतः पुरंदरच्या बाजूचा की विरुद्ध, असं विचाराल तर पुण्याला दुसरं विमानतळ लागेल असंच मला वाटतं. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथली वेळ आणि जमीन दोन्ही वाटून घ्यावी लागते. पण 'क्षमता वाढवणे' या शब्दांत कुणाची जमीन आणि कुणाचा तास असतो हे मोजल्याशिवाय तो हिशोब मला पुरा वाटत नाही. माझ्या गावाला मुंबईचा तास नाकारला गेला, त्याच न्यायाने पारगावच्या माणसाला त्याची जमीन विचारता येणार नाही.

एक गोष्ट मात्र हेलीच्या आवाक्यात येणारच नव्हती, कारण ती अमेरिकेत नाही. आपल्याकडे तिकीट नसलेल्या माणसाला टर्मिनलच्या दारातच अडवतात. त्यामुळे आपल्या विमानतळाचा सगळ्यात भरलेला हॉल भिंतींच्या बाहेर असतो. प्रवाशामागे किती चौरस मीटर जागा द्यायची याची कोष्टकं आहेत. सौदीला निघालेल्या एकामागे आलेल्या नऊ जणांना, त्यांच्या डब्यांना आणि रडणाऱ्या आजीला बहुतेक कोष्टकांत जेमतेम जागा मिळते. जळगावात तर विमान बघायलाच माणसं येतात. कुणी जात नसतं, कुणी येत नसतं. पोरांना खांद्यावर घेऊन बापमंडळी कुंपणाशी उभी असतात, आणि एटीआर फिरवलेल्या पंख्यासकट पुढे सरकलं की टाळ्या वाजतात. हे लोक कुठल्या रकान्यात टाकायचे? प्रवासी नाहीत, निरोप देणारे नाहीत.

आणि आणखी एक गर्दी आहे. रात्री नऊ-साडेनऊला अजिंठा चौफुलीवर उभं राहा. पुण्याच्या ट्रॅव्हल्स एकामागे एक लागलेल्या असतात, क्लिनर पोरं 'पुणे, पुणे' ओरडत असतात. पोतं, केळीचं खोकं, लॅपटॉपची बॅग, मेथीचे लाडू असलेला स्टीलचा डबा. इथे दरवर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी तिकीट दुप्पट-तिप्पट होतं, तरी सीट मिळत नाही. रेल्वेची वेटिंग लिस्ट तीन आकड्यांत गेलेली असते. विमानतळाचा रस्ता याच चौफुलीवरून फुटतो, पुढे काही किलोमीटरवर टर्मिनल आहे, आणि या वेळी तिथे बहुधा एक दिवा आणि एक पहारेकरी असतो.